बर्डीवर आठच का?

सुडोकूची वही : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे. निम्मी पत्रं एकाच चुकीबद्दल आहेत आणि ती चूक माझी आहे. तेव्हा आधी ते निस्तरते.

प्रश्न : बाई, गेल्या अंकातलं ठिपक्यांचं कोडं मी तीनदा सोडवलं. तिन्ही वेळा शेवटी तीच चार घरं उरली. चौथी आणि सहावी आडवी ओळ, दुसरी आणि सातवी उभी ओळ. चारही घरांत ३ किंवा ७. इकडून भरा की तिकडून भरा, दोन्ही उत्तरं बरोबर. आमच्या वेळी परीक्षेत प्रश्नच चुकला असेल तर सगळ्या वर्गाला पूर्ण गुण द्यायचो. तुमचं काय म्हणणं? (गणिताचे निवृत्त शिक्षक, वर्धा)

उत्तर : सर, सगळ्या वर्गाला पूर्ण गुण.

खोट चौकटीत नव्हती, नियमात होती. माझ्या वहीत या कोड्याच्या नियमाची तीन वाक्यं आहेत. पांढरा ठिपका असेल तिथे शेजारचे दोन अंक लागोपाठचे. काळा ठिपका असेल तिथे एक अंक दुसऱ्याच्या दुप्पट. (१ आणि २ दोन्हींत बसतात, तिथे ठिपका कुठल्याही रंगाचा चालतो. यावरून दर वर्षी मला दोन तरी भांडकुदळ पत्रं येतात.) आणि तिसरं वाक्य : असे सगळे ठिपके दाखवले आहेत, म्हणजे जिथे ठिपका नाही तिथे यातलं कुठलंच नातं नाही. छापायला दिलेल्या पानावर हे तिसरं वाक्य नाही. मीच गाळलं. चौकटीखाली जागा दीड ओळीची, वाक्य दोन ओळींचं. म्हटलं, हे तर सगळ्यांना ठाऊकच असतं.

तुम्ही अडलात ती जागाच घ्या. चौथ्या ओळीत दुसऱ्या घराला लागून, तिसऱ्या घरात ४ आलेला आहे. दोघांच्या मधल्या रेघेवर काही नाही. तिसरं वाक्य हाताशी असतं तर दुसऱ्या घरात ३ बसलाच नसता, कारण ३ आणि ४ लागोपाठचे, मध्ये पांढरा ठिपका हवा होता. म्हणजे तिथे ७. सात आणि चारचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. मग त्याच ओळीच्या सातव्या घरात ३, आणि सहाव्या ओळीत नेमकं उलट. वाक्य काढून घेतलं की रिकाम्या रेघेला काही अर्थच राहत नाही. ३ आणि ७ जागा बदलून बसतात आणि बाकी कोड्याला त्याचा पत्ता लागत नाही. तेच दोन अंक, त्याच दोन आडव्या ओळी, त्याच दोन उभ्या, तेच दोन खोके. कोडं घालणाऱ्याने शेवटी अशी चौकडी उरतेय का, हे सगळ्यात आधी बघायचं असतं. मी पंधरा वर्षं लोकांना हेच सांगत आलेय.

आता लाजिरवाणा भाग. माझी कोडी छापायला जाण्याआधी शेजारची नववीतली मुलगी सोडवून बघते. तिने ते पान ट्यूशनला जाता जाता जिन्यातच भरलं आणि वरून ओरडून सांगितलं, "काकू, खाली दोन्हीकडून येऊन राहिलं नं!" मी तिला म्हटलं, नीट बघ, तुझंच काहीतरी चुकलं असेल. मी माझ्या वहीतून तपासत होते. वहीत तिसरं वाक्य होतं, तिच्या पानावर नव्हतं. अंक घरी आला त्या दिवशी ती काही बोलली नाही. फक्त जिन्यातून चढता-उतरताना "दोन्हीकडून" एवढंच म्हणायची. आठवडाभर.

प्रश्न : काकू, राग मानू नका. माझ्या मोबाईलवर सुडोकूचं अ‍ॅप आहे. सोपी, मध्यम, कठीण, अतिकठीण, पाहिजे तितकी आणि फुकट. तुम्ही एकेका कोड्याला महिना लावता. सोडवणाऱ्याला हातचं आणि मशीनचं यात फरक कळतो तरी का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, प्रताप नगर, नागपूर)

उत्तर : राग कशाला! भाजीवाला नाणी शोधत असताना मीही मोबाईलवरचं सोडवते.

मशीन काय करतं ते आधी बघ. पूर्ण भरलेली चौकट घेतं, त्यातून एकेक अंक उचलतं, प्रत्येक वेळी उत्तर एकच राहतंय ना ते तपासतं आणि पुरेसे अंक उचलले की थांबतं. चूक काहीच नाही. पण आधी कुठे नजर जाईल, कुठे हात अडेल, अडल्यावर कशाने सुटेल, हा विचार त्यात कुणी केलेला नसतो. सगळे दरवाजे एकसारखे, उघडला तो उघडला.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. ट्रेसिंग कापडावर शाईने कालवे ओढण्यात उमेद गेली. दोन नकाशे मोजमापाने अगदी सारखे असले, तरी कुठला कुणी काढला हे रेघेच्या टोकावरून कळायचं. कुणी टोकाला पेन दाबायचं, कुणी उचलायचं. हातच्या सुडोकूत ते टोक म्हणजे पहिली फट. कोडं घालणारा म्हणतो, इकडे ये, इथे बघ, या दोन पिंजऱ्यांची, म्हणजे तुटक रेघांनी वेढलेल्या घरांची, बेरीज कर. तू केलीस की तो गालातल्या गालात हसतो. तो तिकडे परदेशात बसलेला असतो, कधी हयातही नसतो. तरी हसलेलं कळतं.

हा खेळ जन्मला तोही एका नकाशे काढणाऱ्याच्या हातून, हे मला फार आवडतं. हॉवर्ड गार्न्स, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे निवृत्त वास्तुविशारद. १९७९ मध्ये डेल या प्रकाशनाच्या कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' या नावाने ते पहिल्यांदा छापलं गेलं, कोड्याशेजारी त्यांचं नावसुद्धा नाही. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या प्रकाशनाने ते उचललं. निकोलीच्या माकी काजींनी दिलेलं मूळ नाव लांबलचक होतं, त्याचा अर्थ साधारण 'अंक सडेच असावेत', म्हणजे लग्न न झालेले. तेच आखडून सुडोकू. निकोलीने दोन गोष्टी धरून ठेवल्या : कोडं माणसाने हाताने घालायचं, आणि दिलेले अंक चौकटीत नक्षीसारखे बसले पाहिजेत, पान उलटं धरलं तरी जागा त्याच. गार्न्स १९८९ मध्ये गेले. आपल्या कोड्याचं पुढे काय झालं ते त्यांना दिसलं नाही.

आणि आता तुझ्या बाजूचं. जगभर वेड लागलं ते हातच्या कोड्यांनी नाही. हाँगकाँगमधले निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांनी काही वर्षं खपून सुडोकू तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये त्याची कोडी छापून येऊ लागली. तिथून गाडी सुटली. म्हणजे माझ्या हातच्या कोड्यांना गिऱ्हाईक मिळालं ते मशीनमुळेच. हे मी घरी कबूल करत नाही.

प्रश्न : ताई, ते पिंजऱ्यांचं किलर सुडोकू. एकही अंक दिलेला नाही, नुसत्या तुटक रेघांच्या पिंजऱ्यांच्या कोपऱ्यात बेरजा. सुरुवात करायची कुठून? (किराणा दुकानदार, इतवारी)

उत्तर : भाऊ, तुम्ही तर हे रोज करता. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि खोक्यात १ ते ९ एकेकदा, म्हणजे बेरीज ४५. हा तुमचा रोजचा गल्ला, कधी कमी नाही, कधी जास्त नाही. आता डावीकडचा वरचा खोका घ्या. त्याला शिवणाऱ्या सगळ्या पिंजऱ्यांच्या बेरजा मांडा. समजा ५२ आल्या आणि त्यातलं एकच घर खोक्याबाहेर जातंय. गल्ल्यात ५२, हिशेबात ४५. वरचे ७ शेजारच्या दुकानाचे. त्या बाहेरच्या घरात ७ लिहून टाका.

बाकी तोंडपाठ करायचं ते थोडंच. दोन घरांत ३ म्हणजे १ आणि २, ४ म्हणजे १ आणि ३, १६ म्हणजे ७ आणि ९, १७ म्हणजे ८ आणि ९. तीन घरांत ६, ७, २३ आणि २४ यांनाही एकच जोड. पिंजऱ्यात एक अंक दोनदा येत नाही, हे विसरू नका. एक गंमत : एकाच ओळीत दोन घरांचा १६ आणि दोन घरांचा १७ दिसला तर कोडं घालणाऱ्याला पत्र लिहा, कारण दोघांनाही ९ पाहिजे आणि ओळीत ९ एकच.

प्रश्न : अडल्यावर मी पेन्सिलने एक अंक धरून पुढे जातो. चुकलं की मागे येतो. यात पाप काय? (चंद्रपूर)

उत्तर : पाप काही नाही. पण अंदाज बरोबर आला तर उत्तर मिळतं आणि ते एकच होतं का हे कळत नाही. माझं गेल्या अंकातलं कोडं अंदाजाने सोडवलेल्यांपैकी एकानेही तक्रार केली नाही. वर्ध्याच्या सरांनी केली.

प्रश्न : सुडोकूत कमीत कमी किती अंक दिले तर चालतं? आणि तुमच्या काही कोड्यांत तर एकही नसतो, ते कसं? (बँक कर्मचारी, अकोला)

उत्तर : साध्या सुडोकूत १७. सोळा अंकांत उत्तर एकच राहील असं कोडं असूच शकत नाही, हे डब्लिनचे गणिती गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाला कामाला लावून दाखवलं. पण हे साध्या नियमांपुरतं. नियम वाढवला की अंक कमी लागतात, कारण नियमच अंकांचं काम करतो. पिंजरा, बाण, ठिपका, सगळे मुकाट्याने सांगत असतात.

यातलं गाजलेलं उदाहरण मे २०२० मधलं, सगळे घरात बंद होतो तेव्हाचं. मिचेल ली यांनी घातलेलं कोडं, दिलेले अंक दोनच, एक १ आणि एक २. नियम असे : बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीवर किंवा राजाच्या चालीवर सारखा अंक येत नाही, आणि आडव्या-उभ्या शेजाऱ्यांत लागोपाठचे अंक येत नाहीत. बास. ते यूट्यूबवरच्या 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' या चॅनेलवर सायमन अँथनी यांनी कॅमेऱ्यासमोर सोडवलं. सुरुवातीला त्यांना ती थट्टाच वाटते. मग एक अंक बसतो, मग त्याच अंकाचे सगळे भाऊबंद, आणि मग चेहरा बदलत जातो. मी ते कूलरसमोर बसून बघितलं. कूलर बंद करून, कारण त्याच्या आवाजात त्या माणसाचं हळू बोलणं ऐकू येईना. नागपूर, मे महिना. यावरून काय ते समजा.

प्रश्न : नातू म्हणतो, कुठल्याही सोडवलेल्या सुडोकूत चार कोपऱ्यांतले अंक आणि मधल्या खोक्याभोवतीच्या कड्यातले अंक सारखेच असतात. मी म्हटलं, फेकतोस. पैज दहा रुपयांची. (गृहिणी, अमरावती)

उत्तर : दहा रुपये द्या.

कोपरे म्हणजे दोन बाय दोनची चार टोकं, एकूण सोळा घरं. कडं म्हणजे मधल्या खोक्याला लागून चारी बाजूंनी फिरणारी सोळा घरं. दोन्हींत तेच अंक, तितक्याच वेळा. आजच्या पेपरातलं उत्तर घेऊन ताडून बघा. कारण असं : निळ्या पेन्सिलने पहिली, दुसरी, आठवी आणि नववी उभी ओळ रंगवा. लाल पेन्सिलने तिसरी आणि सातवी आडवी ओळ रंगवा, शिवाय मधल्या पट्ट्यातला डावीकडचा आणि उजवीकडचा खोका. निळ्यात १ ते ९ चार वेळा, लालमध्येही चार वेळा. आता जिथे दोन्ही रंग चढलेत ती घरं दोन्हींतून वजा करा. निळे उरतात ते कोपरे, लाल उरतं ते कडं. फिस्टोमेफेल या टोपणनावाने कोडी घालणाऱ्या एका जर्मन माणसाच्या नावाने हे कडं ओळखलं जातं. सुडोकू येऊन इतकी वर्षं झाल्यावर लोकांना हे दिसलं. मी चाळीस वर्षं रेघा ओढल्या, मलाही दिसलं नव्हतं.

प्रश्न : मला स्वतःचं कोडं घालायचंय. साधं नाही, नियम असलेलं. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मध्येच गाडं रुतलं. तुम्ही नेमकं काय करता ते पहिल्यापासून सांगा. (ग्रामसेवक, गोंदिया जिल्हा)

उत्तर : सध्या जे टेबलावर पडलंय तेच सांगते, सुटलेलं नाही तरी.

मागे बर्डीच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या, मेट्रो स्टेशनवर गाडी बदलायला उभी होते. भिंतीवर नकाशा. लोकमान्य नगरापासून प्रजापती नगरापर्यंत पश्चिम-पूर्व अ‍ॅक्वा लाइन, खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत दक्षिण-उत्तर ऑरेंज लाइन, आणि दोघी एकमेकींना छेदतात ती जागा बर्डी. म्हटलं, हे तर नऊ बाय नऊच आहे, बर्डी म्हणजे मधलं घर. घरी येऊन आलेखाच्या कागदावर दोन रेघा ओढल्या. एवढीच कल्पना. कोड्याला एकच कल्पना पुरते, दुसरी सुचली तर ती पुढच्या कोड्यासाठी ठेवा. तुमचं गाडं बहुतेक तिथेच रुतत असावं.

आडव्या रेघेला मी जर्मन व्हिस्परचा नियम लावला. रेघेवरच्या शेजारी अंकांत कमीत कमी ५ चा फरक. आमच्या सोडवणाऱ्या मंडळींत हिला अबोल्याची रेघ म्हणतात, कारण शेजारी एकमेकांपासून लांब राहतात. पाचवी आडवी ओळ पूर्ण, नऊच्या नऊ घरं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन संध्याकाळी घालवल्या आणि काही म्हणता काही बसेना. मग डोक्यात प्रकाश पडला : ५ ला शेजारी हवा तर शून्य किंवा दहा. ५ या रेघेवर कधी बसूच शकत नाही, आणि ओळीत तो लागतोच. नऊ घरांची रेघ असूच शकत नव्हती. प्रजापती नगर एक घर आधी संपवलं. नववं घर रेघेबाहेर राहिलं आणि त्यात आपोआप ५ आला.

आता आठ घरं, आठ अंक. माझा अंदाज होता की ते दहा-पंधरा तऱ्हांनी बसतील आणि पुढे ठिपके-पिंजरे लावून आवळावे लागतील. तरी बसवून पाहिले. ४ ला फक्त ९ चालतो. ६ ला फक्त १. टोक सोडून मधल्या कुठल्याही घरात ४ ठेवला तर त्याला दोन्हीकडे ९ हवा, आणि ओळीत ९ एकच. म्हणजे ४ रेघेच्या टोकाला, शेजारी ९. तसाच ६ दुसऱ्या टोकाला, शेजारी १. ३ चं जमतं फक्त ८ आणि ९ शी, ७ चं फक्त १ आणि २ शी. आणि मग बघता बघता :

४ ९ ३ ८ २ ७ १ ६

एकच तऱ्हा. दुसरी नाहीच, फार तर हीच उलटी. मी पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. रात्री साडेअकरा वाजले होते, घरात सगळे झोपलेले, सांगायला कुणी नाही. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बघितलं. तसंच होतं.

राहिलं काय, तर पश्चिमेकडून वाचायचं की पूर्वेकडून. वर दिलंय तसं असेल तर बर्डीच्या, म्हणजे मधल्या घरात २ येतो. उलटं असेल तर ८. इथे पहिला मोह होतो तो बर्डीच्या घरात सरळ ८ छापून टाकायचा. काम होतं. पण मग सोडवणाऱ्याने केलं काय? मी सांगितलं ते त्याने लिहून घेतलं. म्हणून उभ्या रेघेच्या खालच्या अर्ध्याला थर्मामीटर केला. गोल फुगा खापरीला, म्हणजे खालून पहिल्या घरात, आणि पारा चढत चढत पाचव्या घरात बर्डीला. थर्मामीटरमध्ये फुग्यापासून पुढे प्रत्येक अंक आधीच्यापेक्षा मोठा. पाचव्या घरात कमीत कमी ५. म्हणजे २ बाद, ८ आला, आणि ८ आला की अख्खी ओळ : ६ १ ७ २ ८ ३ ९ ४, शेवटी ५. कोड्यात एकही अंक छापलेला नाही आणि मधली ओळ काठोकाठ भरली. बर्डीवर आठच का, याचं उत्तर खापरीत दडलेलं. नागपूरकराला हे सांगावं लागत नाही, आपल्याकडे पारा चढतोच.

शेजारच्या मुलीला एवढाच तुकडा दाखवला. तिने थर्मामीटर आधी पाहिला, अबोल्याची रेघ नंतर. म्हणाली, "काकू, ८ दिसून राहिला, पण का दिसून राहिला ते थांबा." मग खाली मान घालून चार मिनिटं. ती चार मिनिटं मला पाहिजे होती.

आता तुमच्यासाठी कामाचं. एक, पेन्सिल आणि वही वेगवेगळी ठेवा. चौकटीत भराल तेव्हा वहीत क्रमांक घालून लिहा, कुठलं घर कशामुळे भरलं. दोन दिवसांनी कोरी चौकट घ्या आणि वही न बघता सोडवा. कुठे अंदाज करावा लागला तर तिथे छिद्र आहे. शेवटपर्यंत प्रत्येक पाऊल सक्तीचं आलं, तर उत्तर एकच आहे याचा तोच पुरावा, वेगळं काही सिद्ध करायला नको. संगणकावर एफ-पझल्ससारखी फुकट साधनं आहेत, ती उत्तरं मोजून देतात. लाज न बाळगता वापरा. मी गेल्या महिन्यात वापरलं असतं तर वरचं पहिलं पत्र आलं नसतं. मात्र नियम टाकताना तिसरं वाक्य टाकायला विसरलात तर तेही तुमच्यासारखंच फसतं.

दोन, नियमांची भेळ करू नका. थर्मामीटर, बाण, पिंजरे, ठिपके, घोडा, सगळं एकाच चौकटीत म्हणजे सावजीच्या रश्श्यात श्रीखंड. माझ्या मेट्रोच्या कोड्यात दोनच आहेत, आणि अंबाझरीच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला एखादा पिंजरा लागेलसं दिसतंय. वरचा अर्धा भाग अजून अडलेला आहे. ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी रेघ नुसतीच काढून ठेवलीय, तिला काय नियम द्यावा ते सुचत नाही. बर्डीवरून पारा पुढे चढवावा तर ८ नंतर एकच ९ उरतो, म्हणजे एक घर आणि संपलं. चार घरांत उतरवावा म्हटलं तर उत्तरेकडे उन्हाळा कमी असतो असं होईल, आणि तिकडचे वाचक मला सोडायचे नाहीत. सुचलं की छापायला देईन, पण आधी ती मुलगी दोनदा सोडवेल.

प्रश्न : बाबांची दृष्टी आता अधू झालीय. छापील चौकट दिसत नाही, पण सोडवायची हौस आहे. (वाचक, यवतमाळ)

उत्तर : घरीच मोठी आखा. ड्रॉइंगच्या कागदावर दोन सेंटिमीटरचं एक घर, खोक्यांच्या रेघा स्केच पेनने जाड, अंक टू-बी पेन्सिलने. पूर्ण चौकट अठरा सेंटिमीटरची होते, मांडीवरच्या पाटावर मावते. जड वाटली तर सहा बाय सहाची घ्या, खोका दोन बाय तीनचा, अंक १ ते ६. तिच्यावर थर्मामीटर आणि ठिपके सुरेख चालतात. घरात दहा पेन्सिलींपेक्षा एक चांगला खोडरबर ठेवा.

प्रश्न : सुडोकूच्या खरोखर स्पर्धा होतात का? (कॉलेज विद्यार्थिनी, भंडारा)

उत्तर : होतात. जागतिक स्पर्धा २००६ पासून, पहिली इटलीतल्या लुक्कामध्ये. आपल्याकडे दोनदा आली, २००८ मध्ये गोव्यात आणि २०१७ मध्ये बेंगळुरूत. साध्या कोड्यांबरोबर या सगळ्या तऱ्हा तिथे असतात, आणि घड्याळ लावून. भारतातल्या निवड स्पर्धा लॉजिक मास्टर्स इंडिया घेते. मी स्वतः स्पर्धेला बसत नाही. घड्याळ बघितलं की मला कार्यालय सुटायची वेळ आठवते.

प्रश्न : अंक घरी आला की आधी हे पळवतात. सुडोकू पेनने भरतात, चुकतात, त्यावर गिरवतात आणि मग माझ्या हाती चिखल येतो. दर महिन्याला दुसरा अंक घेणं परवडत नाही. (रामटेक)

उत्तर : दोन झेरॉक्स काढा. एकीवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात घाला, दुसरी डब्यांच्या मागे ठेवा. पेन लपवून उपयोग नाही, ते दुसरं आणतात.